आठ मीटरच्या घुमटासाठी एकच फिशआय लेन्स पुरेल का?

तारांगणप्रेमी:
नमस्कार. आमच्या शिक्षणसंस्थेने जुन्या सभागृहात आठ मीटर व्यासाचा अर्धगोल घुमट उभारून चाळीस विद्यार्थ्यांचे छोटे तारांगण सुरू करायचे ठरवले आहे. एका पुरवठादाराने मधोमध एक फोर-के प्रोजेक्टर, १०,००० ल्युमेन प्रकाश आणि १८० अंशांची फिशआय लेन्स (एकाच जागेवरून संपूर्ण घुमटभर चित्र पसरवणारे भिंग) असा प्रस्ताव दिला आहे. त्यांच्या पाच मीटरच्या घुमटात प्रात्यक्षिक पाहिले, तेव्हा माथ्यावरचे तारे टाचणीच्या टोकासारखे होते, पण क्षितिजाजवळ तेच तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आणि पुसट झाले होते. ‘घुमट मोठा झाला की हे जाणवत नाही’, असे उत्तर मिळाले. ते काही मनाला पटले नाही. दोष लेन्सचा असतो की मांडणीचा, आणि त्याऐवजी कडेने अनेक प्रोजेक्टर लावणे शहाणपणाचे ठरेल का?

भिंगवाला:
आधी ‘फोर-के’ या शब्दाचा हिशेब करू. प्रोजेक्टरची चौकट ३८४० बाय २१६० ठिपक्यांची असते, पण घुमटाचे चित्र वर्तुळाकार असल्यामुळे त्याचा व्यास फार तर २१६० ठिपके भरतो; म्हणजे चौकटीचा सुमारे ४४ टक्के भागच कामी येतो आणि उरलेला प्रकाश वाया जातो. २१६० ठिपके १८० अंशांवर पसरले की एका अंशाला १२ ठिपके येतात, आणि तुमच्या घुमटावर एक ठिपका जवळपास सहा मिलिमीटरचा होतो. चांगली नजर एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकते; इथे ठिपका त्याच्या पाचपट मोठा आहे. तुमच्या घुमटाचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस मीटर. लेन्समधली घट सोडून दिली आणि घुमटाचा रंग निम्मा प्रकाश परतवणारा धरला, तरी पडद्याची उजळता सात निटच्या (निट हे उजळतेचे एकक) आसपास राहील, तर चित्रपटगृहात ४८ निट हे प्रमाण मानतात. रात्रीच्या आकाशाला एवढे पुरते. भर दुपारचे जंगल मात्र मळकट दिसेल. उजळता वाढवण्यासाठी घुमट पांढराशुभ्र रंगवण्याचा मोह टाळा, कारण एका बाजूचा प्रकाश समोरच्या बाजूवर उसळतो आणि काळे आकाश राखाडी होते.

आता तांदळाच्या दाण्याविषयी. क्षितिजाजवळचा एकच तारा पाहत फोकस हळूहळू फिरवायला सांगा. एका जागी क्षितिज स्पष्ट आणि माथा पुसट होत असेल, तर लेन्स घुमटाच्या केंद्रावर नाही किंवा तिचे फोकस-पृष्ठ (चित्र जिथे स्पष्ट उमटते तो पृष्ठभाग) घुमटाच्या वक्रतेशी जुळत नाही. हे अंतर आणि उंची बदलून बऱ्याच अंशी सुधारते. पण तारा आधी उभा, मग आडवा ताणला जात असेल, तर तो लेन्सचाच दोष आहे, ज्याला दृष्टिवैषम्य म्हणतात. हा दोष कोनात मोजला जात असल्याने घुमट मोठा केला की डागही त्याच प्रमाणात मोठा होतो. पुरवठादाराचे उत्तर या बाबतीत चुकीचे आहे. आणखी एक साधी चाचणी म्हणजे दर दहा अंशांनी वर्तुळे उमटवून मोजपट्टीने अंतर मोजणे. तुमच्या घुमटावर प्रत्येक अंतर सुमारे ७० सेंटिमीटर यायला हवे. कडेला ते आक्रसत असेल, तर नक्षत्रांचे आकार बिघडतील.

राइडवाला:
मी आखातातील एका मनोरंजन उद्यानात प्रोजेक्टरच्या देखभालीचे काम करतो. आमच्याकडे खुर्च्या हवेत लटकतात, मधोमध यंत्र ठेवायला जागाच नसते, म्हणून कडेने अनेक प्रोजेक्टर लावून चित्रे एकमेकांवर चढवावी लागतात. उजेडाची शिवण सॉफ्टवेअर बेमालूम मिटवते, काळोखाची मिटवू शकत नाही. प्रोजेक्टरचा काळा रंग कधीच पूर्ण काळा नसल्याने, जिथे दोन चित्रे एकावर एक येतात तिथे राखाडी पट्टे उमटतात. तारांगणाला हे फार खुपते, आमच्या डोंगरदऱ्यांना नाही. शिवाय जास्त प्रकाशाने लेन्स तापून फोकस सरकतो, म्हणून यंत्र अर्धा तास चालू ठेवल्याशिवाय फोकसला हात लावू नका. प्रात्यक्षिकालाही हीच अट घाला.

एक गोष्ट मात्र कोणतीही लेन्स सुधारू शकत नाही, ती म्हणजे बैठक. २०१६ मध्ये डिस्नेच्या ‘सोअरिन’ या, पडद्यासमोर उडत असल्याचा भास देणाऱ्या राइडची जगप्रवासाची आवृत्ती आली. तिच्यातील आयफेल टॉवर कडेच्या आसनांवरून वाकडा दिसतो. चाळीसच मुले असतील, तर चार जागा कमी करून सर्वांना मध्याजवळ बसवा.

जुना वरळीकर:
वरळीच्या नेहरू तारांगणात १९७७ पासून झाइस या जर्मन कंपनीचे तारे दाखवणारे यंत्र होते आणि २००३ मध्ये डिजिटल यंत्रणा आली. जुन्या यंत्रातील ताऱ्याला ठिपकेच नव्हते. प्रकाश बारीक छिद्रांतून जाऊन भिंगांतून घुमटावर पडे, त्यामुळे तारा खरोखर टोकदार दिसे. स्वस्तात हवे असेल, तर गोल आरशावर चित्र टाकून ते घुमटावर उसळवण्याची पद्धतही आहे, पण ती फुगवून उभारायच्या लहान घुमटांना शोभते. आठ मीटरवर तिचा फोकस सगळीकडे जुळवताना तुमचा जीव मेटाकुटीला येईल.

तारांगणप्रेमी:
सर्वांचे आभार. काल पुन्हा जाऊन, यंत्र अर्धा तास तापवून, फोकस फिरवून पाहिला. तारा आधी उभा झाला, मग आडवा. गोल कुठेच झाला नाही. एकाच प्रोजेक्टरची मांडणी कायम ठेवून, दुसरी लेन्स आमच्याच घुमटावर लावून दाखवल्याशिवाय रक्कम देणार नाही, असे पुरवठादाराला लेखी कळवले आहे.