सल्ला हवा: जुनं गाव, नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्या आणि शिकाऊ चालक

काठावरची
नमस्कार मंडळी. गाडी शिकायला लागले आहे. गाव जुनं, नदीला अगदी लागून. वेशीची कमान अरुंद, गल्ल्यांना दगडी फरसबंदी आणि जवळपास प्रत्येक गल्ली नदीकडे उतरते. पलीकडे जायला एकच पूल, तोही एका वेळी एक गाडी जाईल एवढाच. शिकवणाऱ्यांचं म्हणणं, मोठ्या रस्त्यावर हात बसला की गावात आपोआप जमेल. मला ते पटत नाही, कारण रोज गाडी काढायची ती याच गल्ल्यांतून. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे सरकते आणि मागे कुणी उभं असलं की माझे हातपाय गळतात. सराव कुठून सुरू करू? सरळ ऑटोमॅटिकवरच शिकू का?

जुना_चक्रधर
मोठ्या रस्त्यावर शिकून गावात जमत नाही. तिथे वेग सांभाळायला शिकता, गावात वेग नसताना गाडी सांभाळायची असते. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत.

आधी सपाट मोकळी जागा शोधा. अॅक्सिलरेटरला पाय न लावता, नुसत्या क्लचवर, माणूस चालतो त्या वेगाने गाडी पुढे न्या. मग तशीच मागे. हाफ क्लच, म्हणजे पेडल अर्धवट सोडल्यावर इंजिन चाकांना ओढू लागतं ती जागा, पायाला कळली पाहिजे. तिथे इंजिनाचा आवाज किंचित जड होतो आणि गाडीचं नाक जरासं उचलल्यासारखं वाटतं. हे कंटाळवाणं आहे, पण गल्लीतलं निम्मं काम यातच आहे.

चढावर हँडब्रेक वापरा. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा अॅक्सिलरेटर, क्लच हाफवर. नाक उचललं की मगच हँडब्रेक सोडा. गाडी मागे सरकायचं कारणच उरत नाही. मात्र पूल मोकळा व्हायची वाट बघताना हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नका, क्लच प्लेट जळते. थांबलात की न्यूट्रल आणि हँडब्रेक.

गिअरबिअर_नको
मी उलट सांगेन. ताई, ऑटोमॅटिक घ्या आणि मोकळ्या व्हा. नव्या माणसाचं निम्मं लक्ष पायांकडे आणि निम्मं आरशांकडे असेल, तर कोपऱ्यावरून पळत येणारं पोर बघणार कोण?

जुना_चक्रधर
मुद्दा बरोबर आहे. पण काही ठिकाणी ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना फक्त ऑटोमॅटिकचाच मिळतो. आपल्याकडचा नियम आधी बघून घ्यावा. आणि उतारावर ऑटोमॅटिकवाले सगळा भार ब्रेकवर टाकतात. त्यातही खालचा गिअर निवडायची सोय असते, ती वापरा.

पायी_पायी
मला गाडीतलं फार कळत नाही, पण गल्ल्या कळतात. ज्या रस्त्याने गाडी न्यायची तो आधी दोनदा पायी चाला, एकदा जाताना आणि एकदा येताना. कुठे ओटा पुढे आलाय, कुठे गटाराचं झाकण खचलंय, समोरून गाडी आली तर कुठल्या बोळात शिरता येईल, हे बघून ठेवा. नदीजवळच्या दगडांवर शेवाळ कुठे धरतं तेही दिसेल. हे गाडीच्या काचेतून दिसत नाही.

भूमितीचा_मास्तर
वळणाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण जुन्या गावात गाड्या समोरून कमी आणि बाजूने जास्त घासतात. वळताना मागचं आतलं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग येत नाही, ते आतून जवळचा रस्ता धरतं. म्हणून कोपरा दिसला की लगेच स्टीअरिंग फिरवायचं नाही. बाहेरच्या भिंतीजवळून पुढे जायचं, आपला खांदा कोपऱ्याच्या पुढे गेला की मग वळायचं. रिव्हर्समध्ये याच्या उलट, तेव्हा गाडीचं नाक बाहेर फेकलं जातं. सगळे मागे बघत असतात आणि पुढचा बंपर भिंतीला लागतो.

मध्यम गाडीची रुंदी आरशांसकट साधारण २ मीटर धरा. कमानीचं माप एकदा टेपने घेऊन टाका, भीती निम्मी होईल. (बघणारे हसतील. हसू द्या.)

वेगाचंही तसंच. एकच गाडी मावेल अशा गल्लीत जेवढं अंतर दिसतंय त्याच्या निम्म्यात गाडी थांबली पाहिजे, कारण उरलेलं निम्मं समोरच्याला लागणार. ताशी ३० किमी वेगाला प्रतिक्रियेच्या एका सेकंदातच ८ मीटरहून जास्त अंतर जातं, ब्रेक लागायच्या आधी. ताशी १५ ला ते निम्मं, आणि ब्रेक लागल्यानंतरचं अंतर तर एक चतुर्थांश.

काठावरची
खांदा कोपऱ्याच्या पुढे, हे कुणीच सांगितलं नव्हतं! आज मोकळ्या जागेत दोन डबे ठेवून करून बघते. एक विचारायचं राहिलं. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडली की पेट्रोल वाचतं असं घरचे म्हणतात. खरं का?

जुना_चक्रधर
नाही, आणि घरच्यांना हे वाचून दाखवा. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन मोजून सोडणाऱ्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं पेट्रोल जळत राहतं. शिवाय इंजिनाचा अडसर जातो, सगळा ताण ब्रेकवर. समोर नदी असेल तर हा प्रयोग कशाला? उतरताना पहिला किंवा दुसरा गिअर, उतार सुरू व्हायच्या आधीच टाकायचा. ओल्या फरशीवर ब्रेक हलका आणि लवकर.

उतारावर उभी करताना नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका. नाक खाली असेल तर रिव्हर्स टाकून ठेवा, वर असेल तर पहिला. खाली तोंड असताना पुढची चाकं भिंतीकडे वळवून ठेवा, सरकली तरी भिंतीला टेकेल.

गिअरबिअर_नको
पुलाचं राहिलं. मधला भाग उंच असेल तर पलीकडचं दिसत नाही. तोंडाशीच थांबा, काच खाली करा, कानांनी ऐका. रात्री दिव्याची उघडझाप. समोरचा पुलावर चढला असेल तर आधी त्याला येऊ द्या, पुलावर रिव्हर्स घेण्यापेक्षा इथे थांबणं स्वस्त. पहाटे नदीवर धुकं असतं तेव्हा हाय बीम लावू नका, समोर पांढरी भिंत उभी राहते.

पायी_पायी
आणि पूर आला की ताई, गाडी घरीच. रस्त्यावरून वाहणारं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलली जाऊ शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. खालची फरशी दिसत नसेल तर पुढे कुणी गेलाय म्हणून आपण जायचं नाही.

काठावरची
डबे ठेवून झालं. पुढे जाताना जमलं, रिव्हर्समध्ये एक डबा चेपला, तोही पुढच्या बंपरने. आता कमान मोजायला टेप शोधते आहे.