हँडहेल्ड स्कॅनर: तीन दिवस नुसती खरखर, चुकतंय कुठे?

नवखा_कान

वापरलेला हँडहेल्ड स्कॅनर, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सी आपोआप फिरवून ऐकवणारा हातात मावणारा रेडिओ, हाती आलाय. सोबत पुस्तिका नाही. आधीच्या मालकाने ४०० चॅनल भरून ठेवलेत, ते कुठले कोण जाणे. मला फक्त विमानांचं बोलणं ऐकायचंय.

स्कॅन दाबलं की आकडे धावतात आणि दर वेळी त्याच दोन जागी अडकतात. तिथे ना आवाज ना खरखर, मेल्यासारखी शांतता. सर्च लावून ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ फिरवलं तर ११९.४ वर चक्क गाणं लागलं, फाटक्या आवाजात! डोक्यावरून विमानं जाताना दिसतात, पण ऐकू एकही येत नाही. स्क्वेल्च पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवलाय, नाहीतर खरखरीने डोकं उठतं. सेट बिघडलाय की मी?

कानोसा

सेट बहुधा ठणठणीत आहे. घोळ स्क्वेल्चचा आहे. स्क्वेल्च म्हणजे उंबरठा, त्याहून दुबळा सिग्नल आला की सेट गप्प राहतो. तो छातीइतका उंच बांधलात तर आत येणार कोण? बटण पूर्ण डावीकडे न्या, खरखर सुरू होऊ द्या. मग हळूहळू उजवीकडे, आणि खरखर जिथे तुटते तिथून केसभर पुढे जाऊन थांबा. मीही सुरुवातीचे दोन आठवडे तुमच्यासारखाच स्क्वेल्च आवळून बसलो होतो. अँटेना खराब आहे म्हणून नवी घेतली, तीही गप्पच! तेव्हा हसत नाहीये.

आता स्कॅन बंद करा. अगदी बंद. एकच फ्रिक्वेन्सी हाताने लावा आणि मोड एएम आहे ना ते बघा. आधीच्या मालकाने एफएम ठेवला असेल तर विमानाचा आवाज धड लागणार नाही. विमानवाले अजून एएमवरच का, असं मला बरेच जण विचारतात. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुबळ्याला गिळून टाकतो. एएममध्ये दोन वैमानिक एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो, त्यामुळे आणखी कुणीतरी हाक मारतंय हे जमिनीवरच्या कंट्रोलरला निदान कळतं.

विमानतळाच्या फ्रिक्वेन्सी अधिकृत नकाशांत छापलेल्या असतात. जवळ मोठा विमानतळ असेल तर आधी एटीआयएस, म्हणजे विमानतळाची आपोआप चालणारी माहितीची ध्वनिफीत, लावा. त्यावर वारा, धावपट्टी, हवेचा दाब हे सगळं पुन्हापुन्हा चालू असतं, त्यामुळे कुणी बोलायची वाट बघावी लागत नाही. ते लागलं की सेट, मोड, स्क्वेल्च सगळं बरोबर.

नाही लागलं तरी निराश होऊ नका. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढून ४.१ ने गुणा, म्हणजे साधारण किती किलोमीटर पोचते ते कळतं. विमानतळावरचा २५ मीटर उंचीचा अँटेना जेमतेम २० किलोमीटर (तुमच्या अँटेनाच्या उंचीमुळे थोडं आणखी), पण १०,००० मीटरवरचं विमान ४०० किलोमीटरवरूनही लागू शकतं. म्हणून बहुतेकांना वैमानिक ऐकू येतो, कंट्रोलर नाही. फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू कानावर पडावी तसं. सुरुवातीला याचा राग येतो, मलाही आला होता. पण वैमानिकाला मिळालेली सूचना त्याने उलट म्हणून दाखवायची असते: उंची, दिशा, पुढची फ्रिक्वेन्सी. म्हणजे न ऐकू आलेल्या माणसाचं बोलणं तुम्हाला त्याच्या तोंडून मिळतं. आणि तो जी नवी फ्रिक्वेन्सी म्हणून दाखवतो ती लगेच लिहून घ्या. माझी निम्मी वही अशीच भरली आहे.

ते ४०० चॅनल पुसून टाका. स्कॅनर एका वेळी एकच जागा ऐकतो. सेकंदाला २५ चॅनल धरले तरी एका फेरीला १६ सेकंद, आणि वैमानिकाचं वाक्य तीन-चार सेकंदांत संपतं. एका बँकेत, म्हणजे चॅनलच्या एका गटात, सहा-सात चॅनल पुरे.

शून्यबीट

वरचं सगळं मान्य, फक्त पुसण्याआधी ती यादी उतरवून ठेवा. जुन्या मालकाने भरलेल्यात कधीकधी सोनं असतं.

गाण्याचं कोडं: पुष्कळ साध्या सेटमध्ये आतली मधली फ्रिक्वेन्सी १०.७ मेगाहर्ट्झ असते. तिच्या दुप्पट, म्हणजे २१.४, वजा करा: ११९.४ उणे २१.४ = ९८.०. तिथे एखादं दणदणीत एफएम केंद्र आहे का बघा. असलं तर ही त्याची प्रतिमा आहे, तिथे खरं कुणी बोलत नाहीये. ॲटेन्युएटर (येणारा सिग्नल दुबळा करणारी सोय) चालू करून बघा, पण मग दूरची विमानंही मंदावतील.

मुकी जागा म्हणजे बहुधा बर्डी, सेटच्या स्वतःच्याच सर्किटचा सिग्नल. अँटेना काढून बघा. तरीही अडकत असेल तर दोष आतला, त्या जागेला लॉकआउट मारा, म्हणजे स्कॅन ती वगळून पुढे जाईल, आणि विसरा.

सोबतच्या रबरी अँटेनावर फार भरवसा नको. ७५०० भागिले मेगाहर्ट्झ केलं की पाव लहरीची लांबी सेंटिमीटरमध्ये येते. १२५ ला ६० सेंटिमीटर. ओढून लांब होणारी अँटेना तेवढी उघडा आणि उभी धरा.

सावध_श्रोता

मजा घ्या, पण आधी आपल्या देशाचा कायदा वाचा. कुठे ऐकायलाच परवाना लागतो, कुठे ऐकलेलं रेकॉर्ड करून इतरांना पाठवणं गुन्हा ठरतं. आणि सेलच्या कप्प्यात साधे अल्कलाइन घातले असतील तर सेटला चार्जर लावू नका, ते फुटू शकतात. काही सेटमध्ये यासाठी आत छोटा स्विच असतो, तो कुठल्या बाजूला आहे ते बघून घ्या.

नवखा_कान

लागलं!! स्क्वेल्च उतरवला, मोड बघितला तर खरंच एफएम होता. पहिलं वाक्य ऐकू आलं ते 'फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झिरो' (म्हणजे साधारण ३५,००० फूट), आणि मी उगाचच उभा राहिलो. कंट्रोलर अजिबात ऐकू येत नाही, एटीआयएसही नाही. ९८.० वर खरंच एक केंद्र आहे. शून्यबीट, तुम्हाला दंडवत.

दोन मुक्या जागांपैकी एक अँटेना काढल्यावरही राहिली, तिला लॉकआउट. दुसरी गेली. म्हणजे ती बाहेरची. घरातल्या वस्तू एकेक बंद करत गेलो तर मोबाइलचा चार्जर निघाला!

आता एकच त्रास: वैमानिक बोलतो, आणि दुसरं कुणी उत्तर देईपर्यंत स्कॅन पुढे पळून गेलेलं असतं.

कानोसा

डिले, म्हणजे बोलणं संपल्यावर स्कॅन किती वेळ थांबेल ते, दोन सेकंदांवर ठेवा, चॅनलवार लावावा लागतो. १२१.५ ला मात्र प्रायोरिटी द्या, म्हणजे सेट मधूनमधून ती आधी तपासेल. आणीबाणीची फ्रिक्वेन्सी आहे, एरवी तिथे शांतताच असते. आणि तो चार्जर बदला हो.