मदत मागायला आलेल्या माणसाला धर्मग्रामाने अटी घालाव्यात का?

उंबरठा

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक समाजात, गरिबांसाठी वेगळा निधी आहे. तो वाटायला आठ जणांची समिती आहे आणि गेली तीन वर्षं मी तिच्यात आहे. मागच्या बैठकीत जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

एक गृहस्थ आले होते. घरभाडं थकलंय, मालकाने महिनाअखेरची मुदत दिलीय. त्यांना याआधी दोनदा मदत झाली आहे. ते पितात. रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, दिसत नाहीत. समितीने त्यांना उभं ठेवूनच सांगितलं की आधी व्यसनमुक्ती केंद्रात नाव घाला, तिथलं पत्र आणा, महिनाभर मिस्साला या, मग बघू. त्यांनी अर्जाची घडी घालून खिशात ठेवली, "बरं" म्हणाले आणि गेले. या निर्णयाच्या बाजूने मीही हात वर केला होता.

आता मला वाटतं की आम्ही चुकलो. गरज खरी आहे का, एवढंच आपण बघावं. माणूस लायक आहे का, हे तपासायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

चौथ्या शतकात अंत्युखियात, येशूने सांगितलेल्या श्रीमंत माणूस आणि गरीब लाजर यांच्या दाखल्यावर प्रवचन करताना संत जॉन क्रिसोस्टम यांनी दान देणाऱ्याला बंदराची उपमा दिली होती. गलबत फुटून जो किनाऱ्याला लागतो त्याला बंदर आसरा देतं, तो भला की बुरा हे विचारत नाही. गरिबाची गरज हीच त्याची लायकी, असं ते सांगतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात तर प्रभूने स्वतःला तुरुंगातल्या माणसाच्या जागी ठेवलंय. तो कैदी निर्दोष होता असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. 'मी बंदिशाळेत होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात', एवढंच.

मिस्साची अट मला सगळ्यात जास्त बोचते. पोप बेनेडिक्ट यांनी 2005 च्या आपल्या पहिल्याच विश्वपत्रात, म्हणजे सगळ्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्रात, स्पष्ट लिहिलंय की प्रेम हे फुकट असतं, दुसरं काही साधण्यासाठी ते करायचं नसतं. आम्ही भाड्याच्या बदल्यात भक्ती मागितली. आणि बैठकीच्या तासभर आधी आम्ही आठही जण वेदीसमोर 'प्रभू, दया कर' म्हणत होतो.

सांजघंटा

असहमत. दोनदा मदत झाली, तिसऱ्यांदाही तेच कारण. प्रेषित पौलाने थेस्सलनीकातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय की जो काम करायला तयार नाही त्याने खाऊही नये. आणि 'डिडाखे' हा अगदी आरंभीच्या ख्रिस्तसभेतला ग्रंथ म्हणतो, कुणाला देतोस हे कळेपर्यंत दान तुझ्या हातात घामेजू दे. म्हणजे विचार करून दे. अशा माणसाच्या हातात पैसे ठेवणं ही दया नव्हे, त्याच्या व्यसनाला खतपाणी आहे.

हिशेबनीस

उंबरठा, तुमची तळमळ पोचली. मी दुसऱ्या एका धर्मग्रामात अकरा वर्षं हिशेब बघतो, त्या खुर्चीतून काय दिसतं ते सांगतो.

आमच्याकडे गेल्या महिन्यात चार अर्ज होते आणि पैसे दोघांपुरते. एका विधवा ताईंच्या मुलीच्या औषधाचा अर्ज होता. एक आजोबा होते, ज्यांना विचारणारं कुणी नाही. 'लायकी बघू नका' हे म्हणायला छान वाटतं, पण चारातून दोन निवडायचे म्हटले की काहीतरी बघावंच लागतं. न बघता दिलं तर जो आधी येतो किंवा जो मोठ्याने मागतो त्याला मिळतं. ज्यांना मागायची लाज वाटते ते तसेच घरी राहतात.

ही चाळणी आम्ही आज शोधून काढलेली नाही. बायबलमधल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढून बघा. कोणत्या विधवेचं नाव यादीत घ्यायचं याचे नियम तिथे दिलेत, वयाची साठ वर्षांची अटसुद्धा आहे. कारणही दिलंय: ज्यांना खरोखर कुणी नाही त्यांना मंडळीने सांभाळता यावं. दुसऱ्या शतकात संत जस्टिन सांगतात की रविवारी जमलेलं दान उपासना चालवणाऱ्याकडे ठेवलं जाई आणि तो अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांची काळजी घेई. म्हणजे तेव्हाही कुणीतरी एकजण जबाबदार होताच. 1617 मध्ये फ्रान्समधल्या शातियों गावात संत विन्सेंट द पॉल यांनी एका आजारी कुटुंबासाठी प्रवचनात आवाहन केलं, तर लोकांनी एकाच दिवशी इतकं अन्न नेलं की ते नासून जाणार होतं. विन्सेंट यांनी नुसतं कौतुक केलं नाही. त्यांनी गावातल्या बायकांचा संघ उभा केला, त्याला नियम घालून दिले, पाळ्या लावून दिल्या. दयेला शिस्त लागते ती अशी.

अजून एक. संत थॉमस अक्वायनस म्हणतात की देवाची दया न्याय मोडत नाही, ती न्यायाच्या पलीकडे जाते. त्यांचा दाखला असा की ज्याला शंभर नाणी द्यायची आहेत त्याला कुणी स्वतःच्या पैशातून दोनशे दिली तर तो काही अन्याय करत नाही. यातला 'स्वतःच्या पैशातून' हा शब्द मला रात्री झोपू देत नाही. निधी माझा नाही. माझ्या खिशातून मी कुणालाही काहीही देईन. दुसऱ्याच्या दानातून उदार होण्याचा मला हक्क नाही.

पायवाट

सांजघंटा, डिडाखेचा तो अध्याय पूर्ण वाचा ही विनंती. 'दान घामेजू दे' या वाक्याच्या जरा आधीच तिथे म्हटलंय: जो मागेल त्याला दे, आणि परत मागू नकोस. गरज नसताना घेणाऱ्याला जाब द्यावा लागेल, असंही तिथेच आहे. म्हणजे फसवणुकीचं ओझं घेणाऱ्यावर टाकलंय. दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी ठेवणाऱ्यांना त्यातला ताण कळत नव्हता असं मला वाटत नाही. आपण मात्र आपल्याला सोयीचं तेवढंच उचलतो.

पौलाचंही तसंच. 'इच्छा नसेल तर' असं तो लिहितो. काम न मिळणारे, काम न झेपणारे, व्यसनाने हात थरथरणारे यांच्याबद्दल तो बोलत नाहीये.

मोहरी

बाकी चर्चा चालू द्या, पण त्या गृहस्थांचं पिणं इथे लिहायची खरंच गरज होती का? समितीपुढे झालेलं बोलणं समितीतच राहायला हवं.

उंबरठा

मोहरी, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिले आहेत. तरीही तुमचं म्हणणं बरोबर आहे, लिहिताना हा विचार मनात यायला हवा होता.

हिशेबनीस, अक्वायनसांचा मुद्दा मला निरुत्तर करतो असं आधी वाटलं. मग आमची दानपेटी आठवली. तिच्यावर 'गरिबांसाठी' असं लिहिलंय. 1983 च्या धर्मसंहितेचा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याचा, कॅनन (कलम) 1267 सांगतो की विशिष्ट हेतूने दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरावं. तर मग पेटीत पैसे टाकणाऱ्याने 'चांगल्या वागणाऱ्या गरिबांसाठी' असं म्हटलेलं नाही. ती अट आम्ही घातली. देणाऱ्याच्या इच्छेत आम्ही स्वतःची भर घातली, आणि ती त्याच्या नावावर खपवली.

दगडी कुंड

मला मुळातच एक गोष्ट खटकते. देवाची दया बिनशर्त आहे हे सगळे गृहीत धरून बोलताहेत. पापनिवेदनाला जाताना पश्चात्ताप लागतो, पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो, प्रायश्चित्तही पुरं करावं लागतं. धर्मगुरू यातलं काहीच न बघता पापमुक्ती देत नाहीत. देव माणसाला बदलायला सांगतो, कारण त्याला माणसाचं भलं हवं असतं. मग धर्मग्रामाने 'व्यसन सोड, आम्ही सोबत आहोत' असं म्हटलं तर ते देवाच्या दयेच्या उलट कसं? उलट, पैसे देऊन वाटेला लावणं हेच खरं निर्दयपण.

उंबरठा

'आम्ही सोबत आहोत' असं समितीतलं कुणीही म्हणालं नव्हतं. मीही नाही.

पापनिवेदनाचं म्हणाल तर लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला, आपला वाटा उधळून बापाकडे परतणारा धाकटा मुलगा आठवा. तो वाटेत भाषण पाठ करतो: मी पाप केलं आहे, तुमचा पुत्र म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. बाप त्याला दूरवरूनच बघतो, धावत जाऊन गळ्यात पडतो. मुलगा बोलायला लागतो, पण 'मोलकऱ्यासारखं ठेवा' हे वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर पडायच्या आत बाप झगा आणायला सांगतो. अट घालायला मुलगा स्वतः तयार होता, बापाने ती ऐकूनसुद्धा घेतली नाही. पश्चात्ताप लागतो हे मान्य. पण मिठी आधी झाली.

दगडी कुंड

मुलगा उठून घराकडे निघाला होता, हे विसरू नका.

उंबरठा

तो माणूसही आमच्या दारात आला होता.

रिकामी ओंजळ

बराच वेळ लिहू की नको असं चाललं होतं.

मी त्या टेबलाच्या पलीकडे उभी राहिलेली आहे. नऊ वर्षांची होते, आईचं बोट धरून. बाबा घर सोडून गेले होते. समितीने आईला विचारलं, नवरा पैसे पाठवतो का, तो कुठे असतो, तुमचं माहेर काय करतं. मागे आणखी तीन कुटुंबं रांगेत होती, सगळं ऐकत होती. मदत मिळाली, चांगली मिळाली. शाळेची फी भरली गेली, मी शिकले. त्याबद्दल मी आजही त्या लोकांची ऋणी आहे, हे आधी सांगते. पण मदत घेतलेल्यांची यादी चर्चबाहेरच्या फलकावर लागली आणि तिसऱ्या ओळीत आईचं नाव होतं. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये असं प्रभूने सांगितलेलं, ते अख्ख्या धर्मग्रामाला कळलं. त्यानंतर आई मिस्साला शेवटच्या बाकावर बसायची आणि अंतिम आशीर्वादाआधीच मला घेऊन निघायची. ती देवावर रागावली नव्हती. फक्त बाहेर पडताना तिला कुणाचा चेहरा बघायचा नसायचा.

उंबरठा दादा, तरीही मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. 'काही विचारू नका, देऊन टाका' हेही मला दुखावतं. न विचारता दिलेलं पाकीटसुद्धा लवकर जा म्हणू शकतं. आईला प्रश्नांचं दुःख नव्हतं. चार लोकांसमोर विचारलेल्या प्रश्नांचं होतं, आणि सगळे प्रश्न पैशांचे होते याचं होतं. तू रात्री झोपतेस का, हे त्या वर्षात तिला एकाच बाईने विचारलं. ती समितीत नव्हती.

पायवाट

ओंजळताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

यावर ख्रिस्तसभेतच एक जुनी वाट आहे. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम आणि त्यांच्या मित्रांनी गरिबांच्या सेवेसाठी छोटा गट सुरू केला, तीच आजची सेंट विन्सेंट द पॉल सोसायटी. ओझानम तेव्हा वीस वर्षांचे विद्यार्थी होते. त्यांना गरिबांची घरं दाखवली ती धर्मभगिनी रोझाली रेंडू यांनी, त्या वस्तीत त्यांची वर्षानुवर्षं ये-जा होती. त्या गटाची रीत अशी की गरजवंताला टेबलापुढे बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, दोघांनी मिळून. जो घरी जातो त्याला चौकशीचे निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत. आणि दारात उभं राहायची पाळी आपल्यावर येते.

हिशेबनीस

गृहभेटीला माझी हरकत नाही, आम्ही अधूनमधून करतो, नेमाने करायला हवी. ओंजळताईंनी लिहिलेली फलकाची रीत तर कुठे उरली असेल तर आजच बंद व्हावी. हिशेब आर्थिक मंडळाला दाखवायचा असतो, कॅनन 537 प्रमाणे असं मंडळ प्रत्येक धर्मग्रामात असावंच लागतं. तिथे आकडे पुरतात, लोकांची नावं चव्हाट्यावर नकोत. मिस्साची अटही चूक होती, हे मान्य करतो. भाडं परस्पर मालकाला दिलं तर सांजघंटा यांची भीतीही बरीचशी मिटेल.

पण माझा चार अर्जांचा प्रश्न तसाच आहे. घरी जाऊन आल्यावरही पैसे दोघांपुरतेच असतात. उरलेल्या दोघांना कुणीतरी नाही म्हणायचं असतं आणि ते मी म्हणतो. दयेवर बोलताना तो 'नाही' कुणी हिशेबात धरत नाही. उंबरठा, राग मानू नका, पण त्या गृहस्थांच्या भाड्यात तुमच्या स्वतःच्या खिशातून काही गेलं का?

उंबरठा

राग नाही. गेलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत मनातही आलं नव्हतं.

काल संध्याकाळी समितीतल्या एका ताईंना बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार त्यांनीच उघडलं. प्यायलेले नव्हते. आम्हाला बघून घाबरले, आत वळून खुर्चीवरचे कपडे उचलले, आम्हाला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाले, "ते पत्र आणायचं राहिलंय. केंद्रात गेलो होतो, पण ते म्हणाले सोबत घरचं कुणीतरी लागतं."

त्यांच्या घरी दुसरं कुणी नाही.

दगडी कुंड

मग तुम्ही काय म्हणालात?

उंबरठा

सोमवारी मी येतो म्हणालो. निम्मं भाडं मी आणि त्या ताई मिळून देतोय. उरलेल्याबद्दल समितीला पुन्हा विचारायचंय, आणि त्याच बैठकीत आणखी तीन अर्ज आहेत.