लोखंडी कड्यांच्या बख्तराला कल्हई करता येईल का?

बख्तरवेडा, शिवाजी पेठ
मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकासाठी कड्यांचं बख्तर हातानं विणतोय. १६ गेजची काळी तार, आतून ८ मिलिमीटरची कडी, प्रत्येक कडीत शेजारच्या चार. छाती-पाठ झाली, बाह्या राहिल्यात. पण आपल्याकडचा पाऊस! जून लागला की तांबेरा चढतो. तेल लावलं तर सदरा डागाळतो, वर आखाड्यातली लाल माती चिकटते. क्रोम नकोच, नाटकातलं वाटतं. कथलाचा पांढुरका रंग मात्र बख्तराला शोभेल. कड्या एकमेकींना चिकटतील का?

भट्टीकाका, कागल
भावा, नक्की होतं. आमच्या घरात कल्हईचाच धंदा. मात्र भांड्यासारखं कापसानं कथील फिरवून चालणार नाही, कडीच्या आतल्या अंगाला कापूस पोचतच नाही. बुडवूनच काढायचं. आधी तारेवरची काळी पापडी पातळ अॅसिडमध्ये पूर्ण घालव, धू, नवसागराच्या पाण्यातून काढ आणि कोरडं ठणठणीत कर. ओलं लोखंड वितळल्या कथलात गेलं की वाफ होऊन कथील अंगावर उडतं. कथील २३२ अंशाला वितळतं, त्याहून थोडं जास्त तापव. बाहेर काढल्या काढल्या जोरात झटक, फळीवर आपट. गार होईपर्यंत हलवत राहा, नाहीतर कड्या डाग (सोल्डर) दिल्यासारख्या जखडतील. अख्खं बख्तर एकदम आवरणार नाही. तळहाताएवढे तुकडे कर आणि जोडाच्या कड्या सुट्या बुडव. नवसागराचा धूर घशाला लागतो, काम अंगणातच कर.

लेथवाला, उद्यमनगर
काकांची रीत बरोबर आहे, पण दादा, एक लक्षात घ्या. जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं, कथील फक्त झाकतं. खरचटून लोखंड उघडं पडलं की तिथं उलट जास्त वेगानं गंजतं. बख्तरात तर कडीवर कडी घासतच असते. म्हणून कल्हईवर मेणाचा पातळ हात हवाच. मेणाला माती तेलाइतकी धरत नाही. आणि डाग द्यायची तार वितळवू नका, तिच्यात बहुधा शिसं असतं. हे अंगावर घालायचं आहे, शुद्ध कथीलच घ्या.

बख्तरवेडा, शिवाजी पेठ
काका, दादा, मनापासून आभार. छाती-पाठ उसवायला जीव होत नाही, तिथं नुसतं मेण. बाह्या तुकड्यातुकड्यांनी कल्हई करूनच जोडतो. काका, नवसागराचं पाणी किती दाट ठेवू?

भट्टीकाका, कागल
विरघळेल तेवढा टाक. तळाला थोडा उरला की झालं.