मदत हवी आहे: अहमद बॉडी, २५ अंश, तिरक्या पृष्ठावर प्रवाह परत चिकटत नाही

अहमद बॉडी म्हणजे मोटारीचा सोपा केलेला चाचणी-आकार; छताचा मागचा भाग तिरका उतरतो, इथे २५ अंशांनी. संगणकावर त्याभोवतीचा हवेचा प्रवाह काढायचा आहे. मॉडेल मूळ मापाचं: लांबी १०४४, रुंदी ३८९, उंची २८८ मिमी, जमिनीपासून ५० मिमी. वेग ४० मी./से., जमीन स्थिर. खळबळीसाठी (टर्ब्युलन्स) के-ओमेगा एसएसटी मॉडेल, स्थिर अवस्था. भिंतीलगत जाळीचे १५ थर, थरागणिक वाढ १.२ पट, वाय प्लस (पहिल्या पेशीचं भिंतीपासूनचं मापरहित अंतर) १ च्या आसपास.

२५ अंशाला प्रयोगात प्रवाह वरच्या कडेला सुटतो आणि तिरक्या भागावरच पुन्हा चिकटतो. बाजूच्या कडांवरून दोन जोरदार भोवरे निघतात. इथे मात्र तो सुटतो तो सुटतोच, आणि भोवरे दुबळे राहतात. म्हणजे चित्र ३५ अंशाचं वाटतं. एसएसटी सुटलेल्या थरातली खळबळ कमी धरतं हे माहीत आहे, त्यामुळे नुसती जाळी बारीक करून फरक पडेल असं वाटत नाही. ड्रॅग (हवेचा रोध) गुणांक जुळला तरी भरवसा ठेवता येत नाही, कारण तिरक्या भागावरच्या आणि मागच्या उभ्या पृष्ठावरच्या दाबाच्या चुका एकमेकींना खोडतात.

डीडीईएसकडे (भिंतीलगतची खळबळ मॉडेल करून बाहेरचे मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) वळायचं आहे. तिथे अडचण अशी की कडेजवळ मॉडेल केलेली खळबळ ओसरते, पण सोडवलेली खळबळ लगेच तयार होत नाही. छतावर, कडेच्या आधी, कृत्रिम खळबळ सोडून कुणी हे सोडवलंय का? कडेपासून किती अंतरावर? तिथे जाळीच्या पेशींचा आकार किती ठेवला? सरासरी घेण्याआधी हवेचे किती फेरे जाऊ दिले? आधाराचे चार पाय मॉडेलमध्ये घेतले होते का, तेही सांगा.