अनुभव धागा: टेरीचा पाय घसरला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

२१ मे २००८, मॉस्कोचं लुझनिकी स्टेडियम. युरोपातल्या फुटबॉल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पहिल्यांदाच दोन्ही संघ इंग्लंडचे, मँचेस्टर युनायटेड आणि चेल्सी. आपल्याकडे सामना सुरू झाला रात्री सव्वाबाराला, म्हणजे तारीख २२ उजाडली होती. जादा वेळेनंतरही १-१, मग टायब्रेकर, म्हणजे दोन्हीकडून आळीपाळीने पाच-पाच पेनल्टी आणि तरी बरोबरी राहिली तर पुढे एकेक, आणि युनायटेड ६-५. निकाल सगळ्यांना पाठ आहे. मला ऐकायचंय ते तुमच्या घरातलं, हॉस्टेलातलं, नाक्यावरचं. सविस्तर लिहा, चार ओळी असल्या तरी चालतील.

सुरुवात मी करतो. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. टीव्ही घरमालक काकांच्या बाहेरच्या खोलीत. आयपीएलचं पहिलंच वर्ष, आणि त्याच संध्याकाळी वानखेडेवर मुंबई पंजाबकडून एका धावेने हरली होती. बाकीची मुलं हळहळत झोपायला गेली. मी आवाज बंद करून एकटा बसलो.

मी चेल्सीचा झालो तो त्यांच्या लॅम्पार्डमुळे. महिन्याभरापूर्वी त्याची आई गेली होती. रोनाल्डोने हेडर मारून युनायटेडला पुढे नेलं होतं. मध्यंतराच्या तोंडावर चेल्सीच्याच एसियनचा फटका दोघा बचावपटूंना लागून लॅम्पार्डच्या पुढ्यात आला, युनायटेडचा गोलकीपर व्हॅन डर सार घसरला आणि बरोबरी झाली. लॅम्पार्डने दोन्ही हात वर आभाळाकडे नेले. नेमक्या त्याच वेळी काकू पाणी प्यायला उठल्या होत्या. "काय रे, रडतोयस का?" मी त्याच्या आईचं सांगितलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. फुटबॉलमधलं त्यांना काहीही कळत नव्हतं.

चेल्सीचा कप्तान टेरी, त्याची पेनल्टी पाचवी. ती गेली असती तर कप चेल्सीचा. तो घसरला, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, आणि काकू म्हणाल्या, "अरे, उठवा रे त्याला कुणीतरी." आजही तो क्षण आठवला की मला समालोचकाचा नाही, काकूंचा आवाज ऐकू येतो.

कोल्हापूरहून

भावा, तुझ्या काकूंना नमस्कार सांग. मी पेठेतल्या तालमीच्या संघात दहा वर्षं गोलकीपर होतो, म्हणून जरा खेळाच्या बाजूनं लिहितो. टेरीनं पेनल्टी वाईट मारली असं लोक म्हणत्यात, ते मला पटत नाही. व्हॅन डर सार उलट्या बाजूला गेलेला. निम्मं काम तिथंच झालेलं. घात केला तो टेकायच्या पायानं. उजव्या पायानं मारणाऱ्याचा सगळा भार फटक्याच्या वेळी डाव्यावर असतो. मैदान ओलं, पाऊस चालू, तो पाय सरकला की अंग मागं जातं आणि चेंडू बाहेरच्या अंगाला वळतो. खांबाच्या बाहेरच्या कडेला लागला तो म्हणूनच.

आमच्याकडं वळीव पडल्यावर शाहू स्टेडियमवर हे लई वेळा बघितलंय. शहाणा खेळाडू आधी टाच दाबून जमीन बघतो, धाव आखूड घेतो. पण दोन तास पळून पोटऱ्या आखडल्यावर कुणाला सुचतंय? आणि मुळात पाचवी पेनल्टी चेल्सीच्या ड्रोग्बाची असायची. युनायटेडच्या विडिचला चापट मारून तो चार मिनिटं बाकी असताना लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. टेरीसारख्या बचावपटूवर ही पाळी यायलाच नको होती. त्या रात्री मी युनायटेडकडून होतो, तरी टेरी पडला तेव्हा माझ्या तोंडून आरोळी निघाली नाही.

मडगावहून

आमच्या वाड्यावर क्लब कुठला हे कोणी विचारत नव्हतं, रोनाल्डो खेळतोय एवढं पुरे होतं. पोर्तुगालवर जीव असलेली माणसं ती. त्याची पेनल्टी चेल्सीच्या गोलकीपर चेकने अडवली तेव्हा शेजारचे आजोबा उठून बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, जाऊन बसले, आत आलेच नाहीत. जिंकल्यावर बाकीचे नाचत होते आणि रोनाल्डो एकटाच मैदानात पालथा पडून रडत होता. ते आम्ही आजोबांना ओरडून सांगितलं, तरी त्यांना खरं वाटेना.

मँचेस्टरहून

मी तेव्हा इथे नर्स म्हणून नवीनच रुजू झाले होते. त्या दिवशी रात्रपाळी. इथे सामना पावणेआठला सुरू झाला. वॉर्डमध्ये सत्तरी ओलांडलेले एक पेशंट होते, त्यांनी सकाळपासून एकच विचारलेलं, टीव्ही लावाल ना? मला या शहराचं फारसं काही माहीत नव्हतं. औषधं देता देता त्यांनी सांगितलं: ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या धावपट्टीवर युनायटेडचं विमान कोसळलं, २३ माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. त्या गोष्टीला २००८ मध्ये पन्नास वर्षं झाली होती. फेब्रुवारीतल्या सामन्यात संघ जुन्या धाटणीचा, जाहिरात नसलेला शर्ट घालून उतरला होता, तेही त्यांच्याकडूनच कळलं.

म्युनिकमधून वाचलेल्या बॉबी चार्ल्टनचा सर्वाधिक सामन्यांचा विक्रम त्याच रात्री युनायटेडच्या गिग्जने मोडला, ७५९ वा सामना. तो बदली म्हणून आत आला तेव्हा या गृहस्थांनी पलंगावरच पाठ ताठ केली. टायब्रेकरच्या वेळी मी त्यांची नाडी बघत होते आणि खरं तर माझीच धावत होती. सातवी पेनल्टी गिग्जने घातली, चेल्सीच्या अनेल्काची व्हॅन डर सारने अडवली. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले, आणि मग एकेक करून आठ नावं घेतली. मी अजून याच शहरात आहे. दर ६ फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानावर, त्या अपघाताच्या आठवणीत लावलेल्या म्युनिक घड्याळाखाली जाऊन येते.

डोंबिवलीहून

ताई, वाचून थांबलोच. माझं थोडकंच आहे. आमचं दूध केंद्र होतं आणि पहाटेची गाडी मला उतरवून घ्यावी लागायची. चेल्सीवाला मी. टेरी घसरला तरी अजून हरलो नव्हतो, चार-चार अशी बरोबरी. आमच्या कालूने घातली, त्यांच्या गिग्जने घातली, अनेल्का चेंडू ठेवतोय, आणि खालून टेम्पोचा हॉर्न. बाबांचे गुडघे दुखायचे, त्यांना क्रेट उचलू देणं शक्य नव्हतं. मी तसाच जिना उतरलो. शेवटचा क्रेट ठेवला तेव्हा वर बघितलं. बाबा खिडकीत उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली.

चार वर्षांनी, १९ मे २०१२ ला, म्युनिकमध्ये याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ड्रोग्बाने चेल्सीला कप जिंकून देणारी शेवटची पेनल्टी घातली तेव्हा टेम्पो आला होता. त्या वेळी बाबा गुडघे धरत खाली गेले आणि मला वर बसवलं.