रसायनशास्त्रात डी, तरी बर्कलीला अर्ज करावा का? की एक वर्ष थांबावं?

अबोली_फ्रीमाँट

लेक इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. घरात दोन आठवडे एकच वाद चालू आहे, म्हणून इथे मांडते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियात बारावीनंतर दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात दाखल व्हायचं, असा एक रस्ता आहे. १९६० च्या मास्टर प्लॅनपासून राज्याने तो मुद्दाम आखलाय. अशी ११६ कॉलेजं आहेत, प्रवेश सगळ्यांना खुला आणि रहिवाशांना फी सेमिस्टरच्या युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर. यूसीमध्ये (म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठ; बर्कली, डेव्हिस, यूसीएलए हे त्याचेच कॅम्पस) ट्रान्सफर होऊन येणाऱ्या दहातली नऊ मुलं याच कॉलेजांतली असतात. म्हणजे ही मागची खिडकी नाही, दरवाजाच आहे.

आता आमची गोष्ट. गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये यांची नोकरी गेली. लेकीने कुणाला न सांगता एका किराणा दुकानात आठवड्याला २५ तास काम धरलं. आम्हाला वाटायचं लायब्ररीत आहे. डिसेंबरात एका रात्री पाणी प्यायला उठले, तर ही अंधारात जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेली. मला पाहताच तिने झाकण मिटलं. इंग्रजीत ए, कॅल्क्युलसला सी, रसायनशास्त्राला डी. चारपैकी सरासरी २.३३.

त्यानंतरचे, उन्हाळा धरून, तीन क्वार्टर (साधारण तीन महिन्यांची सत्रं) तिने मान मोडून अभ्यास केला. एक बी सोडला तर सगळे ए. रसायनशास्त्र पुन्हा घेतलं, त्यातही ए. जुना डी ट्रान्स्क्रिप्टवर दिसतो, पण सरासरीत नवा ए धरतात. तसा हिशोब केला की जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.७३ येतो. कॅल्क्युलसचा सी मात्र कायमचा, कारण सी म्हणजे पास आणि पास झालेला विषय पुन्हा घेता येत नाही. याची तिला इतकी खंत आहे की मला एकदा म्हणाली, "आई, तिथेही डीच मिळाला असता तर बरं झालं असतं."

माझं मत: यंदाच अर्ज करावा. डेव्हिसला टॅग भरावा, म्हणजे अटी पूर्ण केल्या की प्रवेशाची हमी. टॅग सहाच कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. त्यातल्या एकालाच भरता येतो, १ ते ३० सप्टेंबर या काळात. हमी न देणाऱ्या बर्कली आणि यूसीएलएलाही अर्ज करावा. यांचं म्हणणं, एक वर्ष थांब, आणखी ए जमव, मग जा. पोरीने पडून उठून दाखवलंय. ती अजून डागाळलेलीच आहे, असं आपणच तिला का सांगायचं?

सह्याद्री

अबोलीताई, राग मानू नका, पण मी तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे.

आमच्या मुलाची गत अशीच होती. जीपीए ३.६ च्या आसपास, सुरुवात खराब, नंतर चढता आलेख. घाईघाईने अर्ज केले. त्या फॉलला (सप्टेंबर ते डिसेंबरच्या सत्राला) ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि वर अर्जाचे निबंध. ऑरगॅनिकला सी आला. यूसीला जानेवारीत फॉलचे ग्रेड कळवावे लागतात, त्यामुळे तो चढता आलेख त्यांच्या डोळ्यांदेखत खाली आला. दोन्ही मोठ्या कॅम्पसनी नकार दिला. जिथे मिळाला तिथे गेला आणि पहिल्याच क्वार्टरला प्रोबेशनवर आला, म्हणजे कमी ग्रेडमुळे ताकीद मिळाली. दहा आठवड्यांचा क्वार्टर असतो. चौथ्या आठवड्यात मिडटर्म. शेजारी बसलेली मुलं त्याच विद्यापीठात दोन वर्षं मुरलेली. फोनवर म्हणाला, "बाबा, इथे मी कुणालाच ओळखत नाही, आणि सगळे एकमेकांना ओळखतात." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

३.७३ हा आकडा चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. मला काळजी त्या सीची, म्हणजे त्यामागच्या पायाची. एक वर्ष कम्युनिटी कॉलेजात काढणं स्वस्त आहे. यूसीत वर्षाला ट्यूशनचेच साधारण १५ हजार डॉलर जातात. तिथे जाऊन अडखळण्यापेक्षा इथे पाय पक्के करून गेलेलं बरं.

गणिती

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये कॅल्क्युलस शिकवतो. सह्याद्री, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही.

पाया सीवरून ठरत नाही, पुढच्या कोर्सवरून ठरतो. कॅल्क्युलसचे आमच्याकडे चार भाग आहेत. पहिल्यात सी आणि पुढच्यात ए असलेली मुलं मी दर वर्षी बघतो. अशा मुलांचं गणित कच्चं नसतं. त्या तीन महिन्यांत घरात काहीतरी घडलेलं असतं. लेकीने पुढचा भाग घेतला असेल आणि त्यात ए असेल, तर पायाचा प्रश्न तिथेच संपला.

दुसरं. आणखी एक वर्ष काढून नक्की काय मिळवायचं? १०५ क्वार्टर युनिट्सच्या पुढची युनिट्स यूसी पदवीसाठी मोजत नाही. मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) लागणारे विषय उरले असतील तर थांबण्याला अर्थ आहे. ते नसताना सोपे विषय घेऊन सरासरी ३.७३ वरून ३.८ वर न्यायची म्हणजे पोरीला शिकण्याऐवजी आकडा सांभाळायला शिकवायचं. यूसीत गेल्यावर जीपीए नव्याने सुरू होतो, इथला तिथे जातही नाही.

आणि तो डी अर्जात झाकायचा प्रयत्न करू नका. चार छोटे निबंध असतात, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत. त्यातल्या एकात दोन-तीन वाक्यांत सरळ सांगावं: वडिलांची नोकरी गेली, मी २५ तास काम केलं, मदत मागितली नाही, पुढच्या क्वार्टरला मागितली. बाकीचा निबंध त्यानंतर तिने काय केलं यावर हवा. मुलं कारणातच ३०० शब्द घालवतात, मग स्वतःबद्दल सांगायला जागाच उरत नाही.

पुणेकर_डिप्लोमावाला

तुमच्या यूसीतलं मला काही कळत नाही, पण हा रस्ता मी इथे चाललोय. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिप्लोमाचे मार्क उत्तम होते. बारावीवाले एम-वन, एम-टू (पहिल्या वर्षाचं गणित) करून आलेले आणि आम्ही थेट एम-थ्रीच्या वर्गात. लॅप्लास ट्रान्सफॉर्म फळ्यावर आला तेव्हा शेजारच्याच्या वहीत बघून चिन्हं उतरवत होतो. केटी लागली. वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगला मात्र आम्हीच पुढे, तीच मुलं आमच्याकडे विचारायला यायची.

त्यामुळे सह्याद्रींची भीती खोटी नाही. आधी सांगणारं कुणी असतं, तर उन्हाळ्यातच एम-वनचं पुस्तक उघडलं असतं. पण तेवढ्यासाठी एक वर्ष थांबलो मात्र नसतो. दाराबाहेर बसून आतलं शिकता येत नाही.

शुक्रतारा

"एक वर्ष थांबा" हा सल्ला सरसकट देऊ नका, कळकळीची विनंती. आमची मुलगी एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे. एकवीस वर्षं पूर्ण झाली की तो संपतो, मग तिला स्वतःचा स्टुडंट व्हिसा घ्यावा लागणार, आणि त्याबरोबर फीचं गणितही बदलू शकतं. तिच्याही ट्रान्स्क्रिप्टवर दोन डब्ल्यू (मध्येच सोडलेले विषय) आणि एक सी आहे. आम्ही ग्रेडआधी कॅलेंडर बघतो. अशी घरं या भागात खूप आहेत. अबोली, तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल तर तुम्हाला निवड तरी आहे.

वाटाड्या

बर्कलीच कशाला? सॅन होजे स्टेट आहे, वर्ग लहान, फी कमी, घरून जाता येतं. यूसीएलए ट्रान्सफरच्या साधारण चौघांतल्या एकाला घेतं आणि घेतलेल्यांपैकी बहुतेकांचा जीपीए ३.७ च्या वर असतो. तिथे तुमची लेक अगदी काठावर आहे. नकार आला तर पुन्हा तोच डिसेंबर. मुलांच्या मनाचा विचार करा.

अबोली_फ्रीमाँट

वाटाड्या, मनाचाच विचार करतेय. सॅन होजे स्टेटला मी कमी लेखत नाही, माझी भाची तिथूनच शिकून चांगल्या नोकरीत आहे. पण लेकीला सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करायचंय. ज्या प्रयोगशाळांची नावं ती रात्री जेवताना घेते, त्या डेव्हिसला आणि बर्कलीला आहेत. नकार आला तर तो बर्कली देईल. आम्ही अर्जच करू दिला नाही, तर तो नकार आईबापांनी दिलेला असेल. हे दोन तिला सारखे वाटणार नाहीत.

गणिती, पुढच्या कॅल्क्युलसला ए आहे. हे मी यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण पुन्हा "थांब" म्हणाले नाहीत.

शुक्रतारा, आमचं ग्रीन कार्ड झालंय. तुमचं वाचल्यावर कळलं की आमच्या घरातला वाद हीसुद्धा एक सवड आहे. तुमच्या मुलीसाठी मनापासून शुभेच्छा.

सह्याद्री

एक तडजोड सुचवू? अर्ज करा, पण हा फॉल हलका ठेवा. ऑरगॅनिक आणि फिजिक्स एकत्र घेऊ देऊ नका. दुकानातलं काम कमी करा. आमचा मुलगा हुशारीत कमी पडला नाही, तासांत कमी पडला. टॅग मिळाला तरी अटीतला जीपीए शेवटपर्यंत टिकवावा लागतो, हेही तिला सांगा. आणि ती डेव्हिसला गेली तर पहिल्या आठवड्यातच ट्रान्सफरच्या मुलांचं केंद्र शोधायला सांगा. आमच्याने ते झालं नाही.

गणिती

याला माझं शंभर टक्के अनुमोदन. फिजिक्स हिवाळ्यात ढकलता येतं का, आणि तिच्या मेजरला ते स्प्रिंगपर्यंत पूर्ण लागतं का, हे कॅम्पसनिहाय असिस्टवर (ट्रान्सफरसाठी कुठले कोर्स लागतात ते दाखवणाऱ्या वेबसाइटवर) बघा. बर्कली आणि डेव्हिसच्या याद्या सारख्या नसतात. कौन्सेलरकडे जाताना दोन्ही छापून न्या.

अबोली_फ्रीमाँट

सह्याद्री, तुमचं ऐकलं. तिने दुकानात बोलून फक्त शनिवारची पाळी ठेवली. मालकिणीने निघताना तिच्या हातात लाडवांचा डबा दिला.

काल रात्री डेव्हिसचा टॅग भरायला बसलो. त्यात एकेक विषय, क्वार्टर, युनिट्स आणि ग्रेड स्वतःच्या हाताने टाकायचे असतात. मी म्हटलं, चांगल्यापासून सुरुवात कर. ती म्हणाली, नाही, क्रमानेच भरते. फॉल, रसायनशास्त्र, पाच युनिट्स, डी. टाकून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या ओळीला गेली. हे मागे खुर्ची ओढून बसले होते, प्रत्येक ओळ ट्रान्स्क्रिप्टशी ताडून बघत होते.

फिजिक्सचं मंगळवारी कौन्सेलर काय म्हणते ते इथे लिहीन. दोन्ही याद्या छापून ठेवल्या आहेत.